नेहमीचं नाव

पोस्टरवर दोन हात होते. नुसते हात. मनगटाच्या वर, जिथून बाई सुरू व्हायची तिथे, कोणीतरी फोटो कापला होता आणि मोकळ्या जागेत पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बेटावरची चव. एक दिवस, साध्या माणसांच्या सोबतीत.’ हातांत तांदळाची भाकरी होती, पातळ, कडेला जराशी फाटलेली. जेनी मोड आलेले वाल सोलत बसली होती. सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर त्या फोटोखाली अंगठे पडत होते, लाल बदाम पडत होते, ‘चला गं सगळ्या’, ‘किती ऑथेंटिक’ असं चाललं होतं, आणि ती वालाच्या पाण्यानं चिकट झालेल्या बोटांनी तो फोटो मोठा करत होती. डावी करंगळी बाहेरच्या अंगाला वाकलेली. मनगटावर तुळशीवृंदावनाचं हिरवं गोंदण, एका बाजूनं उडालेलं. ती करंगळी होडीच्या कडेत आणि धक्क्याच्या दगडात सापडली होती, आणि कोणामुळे सापडली होती तेही जेनीला ठाऊक होतं. होडी लागायच्या आत उडी मारायला निघालेल्या एका कार्टीला मागे ओढताना. ती पोर आता नवीन पनवेलात तिसऱ्या मजल्यावर वाल सोलत होती आणि तिच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागलं होतं. कापायचं होतं तर हात तरी कशाला ठेवलेत, असं तिला कोणाला तरी विचारायचं होतं. ग्रुपवर विचारून उपयोग नव्हता. तिथे अशा प्रश्नाला हात जोडलेलं चित्र येतं.

सोसायटीत तिला जेनीकाकू म्हणत. दारावर ‘योसेफ आपटेकर’ अशी पाटी होती. नवा शेजारी आला की पाटी वाचून विचारायचा, म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का? योसेफ होता तोवर तो समजावून सांगायचा, आम्ही ज्यू, बेने इस्राएल, मूळ आपट्याचे, नारळाच्या दुधाशिवाय आमचं पान हलत नाही. तो गेल्यावर ते समजावण्याचं काम तिच्याकडे आलं आणि ती ‘तसंच काहीतरी’ म्हणून दार लावून घेऊ लागली. जेनी हे नाव सासूनं, एलिशेबाबाईंनी पाडलं. वाईट हेतूनं नव्हे. त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नावही जनीच होतं, आणि दोन जनी एका घरात म्हटलं की हाक कोणाला आणि काम कोणाला याचा घोळ व्हायचा. त्याआधी ती जनी होती, उंबरबेटावरच्या काशीरामची जनी. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा सुपरवायझरनं सांगितलं, इथे ‘हाय’ न् ‘नाय’ चालायचं नाही. तिनं एका पावसाळ्यात जीभ धुऊन काढली. कानाला यंत्र लावून ‘आहे’, ‘नाही’, ‘कृपया थांबा’ घोटत राहिली. पलीकडच्या टेबलावरचा योसेफ हसायचा. म्हणायचा, ‘तुझं नाय फार गोड आहे, ते आमच्यासाठी घरी तरी ठेव.’ तिनं ठेवलं नाही. एकदा धुतलेली जीभ घरी एक आणि बाहेर एक अशी ठेवायला तिला वेळच नव्हता.

फोटोतले हात भामाआत्याचे होते. बापाची थोरली बहीण, बालविधवा, आणि बेटावरची धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. बेटावर लग्नाला भट असायचाच, पण भटाच्या आधी धवलारीण लागायची. हळद कुटण्यापासून नवरी मांडवातून निघेपर्यंत एकेका गोष्टीचा धवला, म्हणजे गाणं, असतो. तो गायला जाईपर्यंत हळद नुसती पिवळी पूड आणि नवरी नुसती घामेजलेली पोर. आत्याचे त्यातले स्वतःचे कडक कायदे होते. धवल्यात नाव पाहिजेच. बापाचं नाव, पोरीचं नाव, नवऱ्याचं नाव. बिननावाचा धवला म्हणजे बिनमालकाची होडी, ती म्हणायची, लाटंनं नेऊन कुनाच्या पन दारात घालील. आणि जिचं लग्न ठरलं नाही तिचं नाव चेष्टेतसुद्धा घ्यायचं नाही. जनीनं लहानपणी अंगणात बाहुलीचं लग्न लावलं होतं. धवला तिला पाठच होता, पण बाहुलीला नाव नव्हतं, म्हणून तिनं आपलंच नाव घातलं आणि मोठ्यानं गाऊ लागली. आत्या चुलीपुढून उठून आली आणि तिनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की बाहुली हातातून उडून कोंबड्यांत जाऊन पडली. ‘तुजा धवला मी गानार,’ आत्या म्हणाली, ‘तुज्या त्वांडानं खर्च करू नको.’ धपाट्याच्या जागी हात फिरवत जनी रडत होती, पण रडता रडता तिला बरं वाटलं होतं. आपल्यासाठी काहीतरी राखून ठेवलेलं आहे, आणि ते राखणारी बाई इतकी रागीट आहे की ते कोणी चोरणार नाही, असं.

मग ती योसेफशी लग्न करते म्हणाली आणि काशीरामनं मिठागरावरचं फावडं अंगणात आपटलं. बेटावर कोणी यायचं नाही, कोणी जायचं नाही. जनीनं मासळीवालीकडून आत्याला निरोप पाठवला. उलट निरोप आला, येतंय. कचेरीत तर कचेरीत, जिन्याखाली उभी राहून गाते, पण पोरीला बिनधवल्याची जाऊ देनार नाय. लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत जनी फाटकाकडे तोंड करून बसली. कारकुनानं नाव पुकारलं, मागचं जोडपं पुढे घेतलं, परत पुकारलं. योसेफ म्हणाला, ओहोटी असेल, येतील. ओहोटी होती, मग भरती आली असणार, मग पुन्हा ओहोटी. कारकून डबा खाऊन आला. शेवटी तिनं सही केली. एलिशेबाबाईंनी रात्री स्वैपाकघरात तिच्या तळव्याला बोटानं मेंदीचा एक ठिपका लावला आणि विचारलं, तुमच्यात काही गातात ना? ती म्हणाली, नाही, काही नाही गात. हे तिचं पहिलं स्वच्छ ‘नाही’. त्यानंतर ना ती बेटावर गेली, ना बेटावरून कोणी आलं. बाप गेल्याचं बारावं झाल्यावर कळलं. आत्या असेल की नसेल याचा विचार ती करायची नाही, म्हणजे रोजच करायची, पण दात घासताना करतात तसा, दुसरीकडे बघत.

आणि आता पोस्टरच्या तळाशी, भाकरीच्या खाली, बारीक अक्षरांत : ‘दर रविवारी जेवणानंतर पारंपरिक लग्नगीताचा लाइव्ह अनुभव.’ तिनं ती ओळ पुन्हा वाचली. माझ्या वेळेला घसा बसला होता, आणि यांच्यासाठी सुटला. रविवारच्या रविवारी सुटतो. वाल तसेच ठेवून तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘मीपण येते.’ खालच्या मजल्यावरच्या मोनालीनं लगेच नाचणारी बाई पाठवली.

बस पहाटे निघाली. मोनाली तिच्या शेजारी बसली होती आणि मोनालीची धाकटी बहीण समृद्धी पुढच्या सीटवर, कानात बोळे घालून. वाट दाखवणारा मुलगा आर्यन नावाचा होता. गळ्यात गमछा, पायात महागाच्या चपला, आणि आवाज असा की समोरच्या माणसाला आपण फार दिवसांनी भेटतोय असं वाटावं. गव्हाण फाट्यापासून कंटेनरचे ट्रेलर सुरू झाले, एकामागे एक, नळावर ताटकळावं तसे रांगेत. ‘मित्रांनो,’ आर्यन माइकमध्ये म्हणाला, ‘आता आपण हा सगळा गोंगाट मागे टाकणार आहोत. आज आपण अशा लोकांना भेटतोय ज्यांना घड्याळ माहीत नाही.’ जेनीला एकदम खोकला आला. बेटावरच्या माणसाला घड्याळ माहीत नाही! ज्यांचा जन्म भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता यात गेला, लग्नाचा मुहूर्त पाण्याला विचारून काढला गेला, ज्यांची मेलेली माणसंसुद्धा भरती यायची वाट बघत घरात पडून राहिली, त्यांना म्हणे घड्याळ माहीत नाही. मोनालीनं पाण्याची बाटली पुढे केली. ‘काय झालं काकू?’ ‘काही नाही,’ ती म्हणाली. डावीकडे, जिथे तिच्या लहानपणी खाडीचं पाणी रस्त्याला चिकटून असायचं, तिथे भराव घालून गोदामं उभी होती. पाणी कुठे गेलं म्हणून तिनं मान वळवून पाहिलं. ते दिसेना, पण त्याचा वास आला, आणि तो वास कुठल्याही परवानगीशिवाय थेट तिच्या पोटात जाऊन बसला.

धक्क्यावर होडीत चढताना एक गोष्ट झाली. होडीवाल्यानं एक मोठं थर्माकोलचं खोकं आणलं आणि ताडपत्रीखाली सरकवलं. झाकण जरा सरकलं होतं. आत बर्फ आणि बर्फात पापलेटं, उरणच्या बाजारातून आणलेली, डोळे खोल गेलेली. उंबरबेटाच्या खाडीत पापलेट कधीच मिळत नव्हतं. मिळायची ती चिखलातली निवटी, चिवणी, कोलंबी, आणि भराव पडल्यापासून तीही मिळत नसणार हे पाण्याच्या रंगावरून कळत होतं. आर्यन उभा राहून सांगत होता, ‘आज आपण जो मासा खाणार तो इथल्या बांधवांनी आज पहाटे याच पाण्यातून काढलाय.’ बांधव इंजिनाची दोरी ओढत होता. त्याची आणि जेनीची नजर एक झाली. त्यानं झाकण नीट बसवलं आणि काही न झाल्यासारखं समुद्राकडे बघितलं. तिला हसू यायला हवं होतं. एरवी आलं असतं. पण राग असा होता की हसणंसुद्धा त्यात पडून विरघळून गेलं. खाडी यांनी, म्हणजे यांच्यासारख्यांनी, म्हणजे आपण राहतो तसल्या इमारतींनी आणि ट्रेलरनी बुजवली, मासा मेला, मग त्याच खाडीवर बाजारचा मासा आणून त्याला बेटाची चव म्हणायचं आणि त्या मेलेल्या माशाला आज पहाटे पुन्हा एकदा मारायचं. आणि ‘आपण राहतो तसल्या’ या शब्दांपाशी राग अडखळला, कारण तिच्या तिसऱ्या मजल्याखालीही एके काळी मिठागर होतं आणि ते तिला ठाऊक होतं. अडखळला तेवढाच. पुन्हा उठून चालायला लागला.

बेट लहान झालं होतं, किंवा घरं मोठी झाली होती. कौलांच्या जागी पत्रे, पत्र्यावर डिशच्या छत्र्या. मिठागराची एकच कोंडी, म्हणजे मीठ धरायचा वाफा, शिल्लक होती आणि तिच्याभोवती पांढरी दोरी बांधली होती. आर्यननं मीठ चिमटीत धरून सगळ्यांना वास घ्यायला सांगितला. मिठाला वास! बायका डोळे मिटून हुंगत होत्या. काशीरामच्या पायांना त्या मिठानं भेगा पडल्या होत्या, एवढ्या खोल की आत्या दर रात्री त्यात मेण आणि तेल भरायची आणि बाप शिव्या घालायचा. शिव्या आत्याला नव्हे, पायांना. तो मेला तेव्हा ते पाय जळायला वेळ लागला असेल, मिठागऱ्यांच्या पायांचं तसंच होतं म्हणत. ‘काकू, घ्या ना, बघा तरी,’ समृद्धीनं हात पुढे केला. जेनीनं तिच्या तळव्यावरचं मीठ बोटाला लावून जिभेवर ठेवलं. पोरीचा तळवा उबदार होता, विश्वासू होता, तिचा काही अपराध नव्हता. ‘छान आहे,’ ती म्हणाली. पुढे एका घरासमोर एक बाई न्हाऊन केस पुसत होती. सगळ्यांनी फोन वर केले, तशी ती चटकन आत गेली. ‘लाजतात,’ आर्यन प्रेमानं म्हणाला, ‘फार साधी माणसं आहेत.’ आतून त्या साध्या बाईनं अशी एक शिवी हासडली की तिचं साधं भाषांतरसुद्धा पनवेलच्या सोसायटीत करता आलं नसतं. आर्यनला ती कळली नाही. जेनीला कळली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

जेवण समाजमंदिरात होतं. जमिनीवर चटया, समोर केळीची पानं, दाराशी चूल. चुलीपाशी तीन-चार बायका भाकऱ्या थापत होत्या आणि त्यांच्यामागे, भिंतीला टेकून, भामाआत्या. जेनी खांबाआड बसली, काळा गॉगल काढलाच नाही. आत्या इतकी लहान झाली होती की आधी ती एखादं गाठोडं वाटली. एका डोळ्यावर सायीसारखं पांढरं. आर्यन तिच्याजवळ वाकला, तिच्या पायाखालची चटई नीट केली, ‘भामाआजी, गोळी घेतली का सकाळची?’ म्हणून विचारलं. आत्यानं त्याच्या गालाला हात लावला. मेल्या, हा राग तरी मला नीट करू दे, असं जेनीला झालं. पोरगा वाईट असता तर किती सोपं होतं. मोनाली मन लावून जेवत होती. ‘काकू, तुम्ही काहीच घेतलं नाही.’ तिनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. आणि टाकायला नको होता, कारण जिभेला काही लाज नसते, तिनं ओळख दाखवून टाकली. गॉगलच्या आत डोळे भरून आले. तिनं पापलेटाकडे बघून ते परत आत घेतले. पापलेट फार उपयोगी पडलं.

जेवणं झाल्यावर आर्यननं टाळ्या वाजवल्या. ‘आता आपल्याला एक नवरी लागणार! कोण होतंय नवरी?’ सगळ्यांनी समृद्धीला ढकललं. तिला पाटावर बसवलं, डोक्यावर हिरव्या साडीचा पदर घातला, समोर हळदीची वाटी ठेवली. पोरगी खूश होती, स्वतःचा फोटो काढत होती. जेनीच्या पाठीत, त्याच जुन्या जागी, धपाटा बसल्यासारखं झालं. बाहुलीलासुद्धा जे चाललं नव्हतं ते आता चालत होतं. बाई, तू मला म्हणाली होतीस, खर्च करू नको. तू काय करतेयस? कचेरीच्या फाटकाकडे बघून माझी मान अवघडली ती आजतागायत सरळ झाली नाही, आणि तू इथे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोरीला, पापलेटावरची बडीशेप म्हणून...

‘आजी, हिचं नाव समृद्धी,’ आर्यन म्हणाला. ‘आज हिच्याच नावानं गा ना. मजा येईल तिला.’

‘लगीन ठरलंय काय तिचं?’ आत्यानं विचारलं. आवाज मात्र तोच होता. शरीर गाठोड्याएवढं झालं तरी आवाजाला कोणी हात लावला नव्हता.

‘अय्या, नाही!’ समृद्धी हसली. ‘मी अजून शिकतेय आजी.’

‘मंग तिचं नाव मी घेनार नाय.’

‘आजी, नुसतं गाणं आहे हो.’

‘नुसतं तुज्या घरी,’ आत्या म्हणाली. चुलीपुढच्या बायका फिसकन हसल्या. ‘पोर बांदली जाते नावानं. आनि बिननावाचं पन गानार नाय.’

‘बरं बरं,’ आर्यन पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला. दर रविवारी हे असंच होत असणार, हाही कार्यक्रमाचाच भाग असणार. ‘मग नेहमीचंच नाव घ्या.’

आत्यानं डोळे मिटले. वाकडी करंगळी हळदीत बुडवली आणि समृद्धीच्या कपाळापासून बोटभर दूर, हवेतच, टेकवल्यासारखी केली. पोरीला हळद लागली नाही. मग तिनं सूर लावला.

‘मांडवाच्या दारी गो, चवरंग कुनी मांडीला,
काशीरामाच्या जनीला गो, हलदीनं न्हानीला...’

खांबाला धरलेला जेनीचा हात खांबातच राहिला. आधी तिला वाटलं, आपल्याला तसं ऐकू आलं. पण पुढच्या फेरीला पुन्हा आलं. काशीरामाच्या जनीला तेल लाविलं, काशीरामाच्या जनीची वेनी घातिली. चुलीपुढच्या बायका पाठीमागून झील धरत होत्या आणि त्यांच्याही तोंडी ते नाव मुरलेलं होतं, दारच्या उंबरासारखं, रोज बघून न दिसणारं. नवऱ्याची ओळ आली तिथे आत्यानं नाव घेतलं नाही. नावाच्या जागी एक लांब हुंकार दिला, खड्डा चुकवून पाय टाकावा तसा, आणि पुढे गेली. तिला नवऱ्याचं नाव कधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे दर रविवारी. म्हणजे आपण तिसऱ्या मजल्यावर वाल सोलत होतो, दार लावून घेत होतो, योसेफला दवाखान्यात नेत होतो, आणत होतो, मग नुसतं नेलं. तेव्हा इथे, माशाचे काटे पानावर टाकून, लोक आपल्या हळदीला बसत होते. राग आता कुठे ठेवायचा तेच तिला कळेना. आत्याकडे नेला तर तिथे जागा नव्हती. परत आणला तर तो दुप्पट झाला. मला न विचारता. माझी हळद, माझं न्हाणं, अनोळखी माणसांच्या फोनमध्ये. आणि तरी, अगं बाई, तू गातेयस.

‘बघा,’ आर्यन हळू आवाजात पाहुण्यांना समजावत होता, गाणं चालूच होतं, ‘यातली जनी ही काल्पनिक आहे. लोकगीतात असं एक नाव नुसतं धरायला घेतात. जनी म्हणजे कोणीही. कुठलीही मुलगी.’

‘कोणी नाय,’ जेनी म्हणाली.

ती कधी उठली ते तिला कळलं नव्हतं. गॉगल हातात होता. सगळे वळून बघत होते, मोनालीचं तोंड उघडं होतं.

‘कोणी पन नाय,’ ती म्हणाली, आणि तीसेक वर्षं धुतलेली जीभ एका क्षणात होती तशी मळली. ‘जनी मी हाय. काशीरामाची. मी हाय ना हितं, जिती. कुनाला इच्यारून मला कुनीपन केलंत?’

‘मॅडम,’ आर्यन गडबडला, ‘सॉरी, म्हणजे मला...’

‘तू गप र,’ आत्या म्हणाली. गाणं तोडलेलं तिला सहन झालं नव्हतं. त्यातल्या त्यात बरा डोळा आवाजाच्या दिशेनं फिरला. तिला चेहरा दिसला असेल असं वाटत नव्हतं. तिनं तो शोधलाही नाही. ‘आलीस व्हय,’ ती म्हणाली, पाणी आणायला गेलेल्या पोरीला म्हणावं तसं. ‘उशीर केलास.’

‘मी केला?’ जनीचा आवाज चिरला. ‘मी कचेरीत बसलेली. सांज व्हईस्तवर. येतंय बोललीस.’

‘तुज्या बापानं वल्ही लपवली व्हती. मेला तवा माळ्यावर गावली.’

‘पवत यायचं. पवता येत व्हतं ना तुला?’

 चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला.

‘येत व्हतं,’ आत्या म्हणाली. ‘यायला पायजे व्हतं.’ एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मग पाटाकडे हात केला. ‘पोरी, ऊठ तू. तुजं काम झालं. जने, बस हितं. नवरीनं मधी उटू नये, येवडं पन शिकीवलं नाय काय तुला मी?’

समृद्धी कशीबशी उठली. डोक्यावरचा पदर काढून तिनं जनीच्या हातात दिला, आणि काय करावं न सुचून जनीच्या पाया पडली. जनी पाटावर बसली. गुडघे कुरकुरले. पाट पोरीच्या अंगानं गरम होता. आत्यानं करंगळी हळदीत बुडवली आणि या वेळी ती हवेत थांबली नाही. ती कपाळावर टेकली, खरखरीत, वाकडी.

‘नवऱ्याचं नाव काय?’

‘योसेफ.’

‘हाय ना?’

जनीनं मान हलवली. मग आत्याला नीट दिसत नाही हे लक्षात येऊन बोलली, ‘नाय. गेला.’

चुलीपुढची एक बाई हळूच म्हणाली, ‘आत्ये, मंग धवला कसा गाशील? रांडवेला हलद चालत नाय.’

‘लगीन लागलं तवा व्हता ना?’ आत्यानं विचारलं. त्या बाईला नव्हे.

‘व्हता.’

‘मंग झालं. मी तवाचं गातंय.’ मग ती तोंडातल्या तोंडात नाव फिरवू लागली, सुपारी फिरवावी तसं, या गालातून त्या गालात. ‘योसेफ... योसेफा... योसेफाच्या उजवीकरं...’ पहिल्यांदा ते चालीत बसेना, एक अक्षर बाहेर राहायचं. तिनं पुन्हा घेतलं. झील धरणाऱ्या बायकांनीही ओठ हलवून बघितलं. ‘बसंल,’ आत्या शेवटी म्हणाली, आणि तिनं धवला पहिल्यापासून सुरू केला, कारण मध्ये तुटलेला धवला जोडत नाहीत.

जनीला रडू येत नव्हतं. तिला अजून राग येत होता, वल्ह्यांचा, माळ्याचा, पापलेटाचा, कापलेल्या फोटोचा, या बाईचा, योसेफनं हे ऐकायला थांबू नये याचा. एका कोपऱ्यात कोणाचा तरी फोन वर गेला. तिनं डोळे न उघडता तळवा आडवा धरला आणि तो फोन खाली गेला. ओळीमागून ओळ येत होती. हळदीच्या आधी कांडपाचा धवला, त्याच्या आधी उखळ-मुसळाचा. पाहुण्यांसाठी करतात तो तुकडा नव्हता हा, सगळा होता. धक्क्याकडून होडीवाल्यानं हाक मारली. आर्यननं दाराबाहेर जाऊन पाणी बघितलं, परत आला, पाटाजवळ गुडघ्यावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, ओहोटी लागलीये. आता निघालो नाही तर होडी चिखलात बसेल. सगळेच अडकतील.’

‘बसू दे,’ जनी म्हणाली. ‘मला मधी उठता येत नाय.’